पावसातली प्रोन प्रॅक्टिस

आज सकाळपासून पावसाची झड आणि वर वारा, पुण्यात बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर पोचेपर्यंत रेनकोटच्या आतून पण भिजले, पण रायफलची केस कोरडी ठेवली, ते महत्त्वाचं. बाकी बहुतेक सगळे १० मीटरच्या हॉलमध्ये गेले. मला ५० मीटरच्या प्रोनला, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकाराला, असाच दिवस हवा असतो.

आपण छपराखाली पडलेलो असतो पण गोळी जाते उघड्यावरून, .२२ बोअरची गोळी हलकी, वारा तिला सहज ढकलतो आणि टार्गेटवरचा दहा गुणांचा गोल असतो फक्त १०.४ मिलिमीटरचा. वारा बघायला लेनमध्ये १० आणि ३० मीटरवर झेंडे असतात, आज ते भिजून जड झाले होते, जोराची झुळूक आली तरी नीट उठत नव्हते. मग मी पावसाच्या धारांकडेच बघायला लागले, त्या किती तिरक्या पडतायत त्यावरून वारा जास्त खरा कळत होता. उजवीकडून वारा आला की गोळी नुसती डावीकडे जात नाही, जरा वर पण चढते, घड्याळात दहा असतात तिकडे, आणि डावीकडून आला की चारच्या बाजूला खाली उतरते, नळीतल्या पिळदार आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती उजवीकडे गरगरत जाते म्हणून. आज सायटर, म्हणजे सुरुवातीचे अंदाज घ्यायचे शॉट, मारताना हे स्क्रीनवर इतकं स्वच्छ दिसलं की मला जाम आनंद झाला! कोरड्या शांत दिवशी हे कधी दिसणार?

ढग दाटले की उजेड पण जातो, मागच्या साईटची आयरिस, म्हणजे नेम धरायचं लहानमोठं होणारं भोक, जरा उघडावी लागते नाहीतर टार्गेटचा काळा गोल धूसर दिसतो.

सगळ्यात अवघड म्हणजे थांबणं. ६० शॉटना ५० मिनिटं, त्यामुळे वाऱ्याची वाट बघायची पण घड्याळ पण सांभाळायचं. बोट ट्रिगरवर, नेम मस्त स्थिर बसलेला, आणि तेवढ्यात धारा तिरक्या होतात, तेव्हा रायफल खांद्यावरून उतरवायची आणि श्वास घेऊन परत सुरुवात. सर याच्यावर फार भर देतात आणि मला ते शंभर टक्के पटतं. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनी २०१० ला म्युनिकमध्ये याच प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ करून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, त्या आकड्यामागे असं किती थांबणं असेल याचा विचार मी आज खूप वेळ करत होते.

घरी आल्यावर नळी पुसून तेलाचा हात फिरवला, शूटिंगचं जॅकेट पंख्याखाली टाकलंय, दमट झालं की ते मऊ पडतं आणि आधार कमी होतो. उद्या पण पाऊस आहे म्हणे, सरांना विचारून नीलिंग, म्हणजे गुडघ्यावर बसून मारायचा प्रकार, पण बाहेरच करणार.