पहिली प्रश्नावली आणि पिवळा गूळ

मामांचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. मागच्या हंगामात रसायन न घातलेला गूळ अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरून कोल्हापूर शहरातच विकावा, असे त्यांच्या मनात आले. मी नुकतीच बाजार संशोधन शिकायला लागले होते, तेव्हा त्यांनी ते काम माझ्यावर सोपवले. "तू शिकाय लागलीयास न्हवं? मग बघून सांग की, खपंल का न्हाई," एवढीच त्यांची मागणी होती. मला वाटले, आठ दिवसांचे काम आहे.

प्रश्नावली मी एका संध्याकाळी तयार केली आणि सकाळी रंकाळा तलावावर फिरायला येणाऱ्या साठ जणांकडून ती भरून घेतली. पहिलाच प्रश्न होता, 'आरोग्यासाठी उत्तम असा रसायनमुक्त गूळ घ्यायला आपल्याला आवडेल का?' जवळजवळ सर्वांनी 'हो' म्हटले. मी वहीत टक्केवारी काढली, वर्तुळाचा आलेख रंगवला आणि मामांना फोन करायला निघाले होते. सुदैवाने त्या दिवशी त्यांचा फोन लागला नाही.

त्या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवले होते, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आले. 'आरोग्यासाठी उत्तम' असे म्हटल्यावर नको म्हणणार कोण? शिवाय घ्यायला आवडणे आणि खिशातून पैसे काढणे यांत मोठे अंतर असते, आणि माझ्या कागदावर किमतीचा उल्लेखच नव्हता. त्याहून मोठी चूक जागेची होती. पहाटे तब्येतीसाठी रंकाळ्याला फेऱ्या मारणारी माणसे म्हणजे सगळे कोल्हापूर नव्हे.

नमुना, म्हणजे ज्यांना प्रश्न विचारायचे ती निवडक माणसे, चुकीच्या जागेवरून घेतला, तर त्याचा आकार कितीही वाढवून उपयोग होत नाही, याचे जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांतल्या वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्या स्थितीत असलेल्यांचे; त्यातही ज्यांना उत्तर पाठवण्याची हौस, त्यांचीच मते आली. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी याच्या मानाने फारच लहान नमुना घेऊन रूझवेल्ट यांचा विजय बरोबर सांगितला होता.

आकड्यांचे गणित त्यामानाने सोपे निघाले. निवड खरोखर यादृच्छिक असेल, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखीच संधी असेल, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर, म्हणजे शंभरांतून सुमारे ९५ वेळा, अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत अंदाज यायला सुमारे ३८५ माणसे पुरतात. शंभर घेतली तर चूक दहा टक्क्यांपर्यंत जाते आणि ती निम्म्यावर आणायची तर माणसे चौपट लागतात. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. ती पन्नास लाख असती तरी हा ३८५चा आकडा जवळपास तेवढाच राहिला असता. हे मला आधी पटेना. पण आमटी नीट ढवळलेली असेल, तर मीठ पाहायला पातेले लहान असो की मोठे, एक पळीच पुरते.

दुय्यम माहिती, म्हणजे इतरांनी आधीच गोळा केलेली, तिच्यातही मी फसले. शाहू महाराजांनी १८९५मध्ये वसवलेल्या शाहूपुरीपासून या शहराला गुळाच्या व्यापाराची सवय आहे आणि सौद्यांतले, म्हणजे बाजारातल्या लिलावांतले, दर सहज मिळतात. मात्र ते क्विंटलचे घाऊक दर असतात. मी त्यांना शंभराने भागून मामांच्या पाकिटाची किंमत ठरवायला बसले होते. पाकीट, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन यांचा त्यात पत्ताच नव्हता.

शेवटी राजारामपुरीतल्या एका किराणा दुकानदारांची परवानगी घेऊन मी तीन संध्याकाळी त्यांच्या काउंटरशेजारी उभी राहिले. कोणालाही काही विचारायचे नाही, फक्त पाहायचे आणि टिपायचे. गूळ घेणाऱ्या बायका आधी रंग पाहत होत्या. एका आजींनी ढेपेचा बारीक खडा नखाने काढून जिभेवर ठेवला, मग बोटांनी दाबून पाहिला आणि "चिकट हाय, चिक्कीला चालंल, पोळीला न्हाई" म्हणत पुढच्या ढेपेकडे वळल्या. रसायनाचा विषय तीन दिवसांत दोघींनीच काढला. रसायन न घातलेला गूळ सहसा गडद, तपकिरी असतो; पिवळाधमक गूळ शोधणाऱ्या हाताला तो जुना किंवा करपलेला वाटतो. माझ्या साठ कागदांवर रंग हा शब्दच नव्हता.

नवी प्रश्नावली सहा प्रश्नांची आहे. गेल्या वेळी गूळ कधी घेतला, किती घेतला, कुठून, कशासाठी, काय पाहून निवडला, आणि कोणता नाकारला व का. 'आवडेल का' हा शब्दप्रयोग मी पूर्ण गाळला आहे. रंकाळा, लक्ष्मीपुरीचा बाजार आणि कसब्यातल्या गल्ल्या, अशा तीन ठिकाणी वेगवेगळ्या वेळांना जायचे ठरवले आहे. हा नमुना यादृच्छिक होत नाही, आणि तसे मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिणार आहे.

मामांना मी अजून होकार दिलेला नाही आणि नकारही नाही. दिवाळी पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त झाला की रस आटवायच्या पहिल्या काहिलीतून दहा किलो गडद गूळ वेगळा काढून ठेवा, एवढेच सांगितले आहे. तो त्याच दुकानात पिवळ्या गुळाशेजारी, चव पाहण्यासाठी बारीक खडे फोडून आणि किंमत लिहून ठेवणार आहोत. "आनि कुणी घेतलाच न्हाई तर?" मामांनी विचारले. तर पाकिटे छापण्याचा खर्च वाचेल, असे मी म्हटले, आणि ते पहिल्यांदा हसले.