रन कधी सुरू होणार, मॅम?

आमच्याकडे येणारा पेशंट आजारी नसतो, आणि इथूनच सगळा घोळ सुरू होतो. आजारी माणूस डॉक्टरला दुखणं सांगायला येतो, लढाऊ वैमानिक ते लपवायला. त्यात त्याचाही फारसा दोष नाही. आमच्या एका सहीने त्याचं उडणं बंद होतं, कधी आठवडाभर तर कधी कायमचं. म्हणून नाक चोंदलेलं असलं की 'धुळीची ॲलर्जी, मॅम', आणि कंबर धरलेली असली की 'काल जिममध्ये जरा जास्त झालं'. हवाई दलात डॉक्टर म्हणून काम करताना ही उत्तरं मला पाठ झाली होती. पण बंगळुरूला सेंट्रिफ्यूजवर नेमणूक असताना एका मंगळवारी दुपारी जो मुलगा आला, तो माझ्यापासून एक गोष्ट लपवत होता आणि त्याहून मोठी एक गोष्ट त्याची त्यालाच माहीत नव्हती.

सेंट्रिफ्यूज म्हणजे मोठ्या गोल खोलीत आडवा फिरणारा लांबलचक पोलादी हात आणि त्याच्या टोकाला एका माणसाची केबिन. तिला आम्ही गोंडोला म्हणतो. हात आठ मीटरचा असेल तर मिनिटाला साधारण ३२ फेऱ्यांत ९ जी (पृथ्वीच्या ओढीच्या नऊपट जोर) गाठता येतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं वजन ६३० किलो होतं. आकडा ऐकून लोकांना हाडांची काळजी वाटते. खरा प्रश्न रक्ताचा असतो. हृदय हा पंप आणि मेंदू ही गच्चीवरची टाकी असं धरा. विमान जोरात वळलं की पाणी जड होतं, पंप तेवढाच राहतो. दर एका जीमागे डोळ्यांच्या पातळीवरचा रक्तदाब साधारण २२ मिलिमीटरने उतरतो. चार-पाच जीपर्यंत बहुतेकांच्या नजरेच्या कडा करड्या होतात, मग सगळंच काळं होतं, आणि त्यानंतर शुद्ध जाते. डोळा मेंदूच्या आधी हार मानतो, कारण त्याच्या आत स्वतःचा दाब असतो आणि त्यावर मात करून रक्ताला आत शिरावं लागतं. वैमानिकाला हीच सूचना असते: कडा करड्या झाल्या की स्टिकवरची खेच कमी कर.

मुलगा साताऱ्याकडचा, फ्लाइट लेफ्टनंट, अंगाने काटक. फॉर्म चोख भरलेला. झोप पुरेशी, औषध नाही, दारू नाही, जेवण झालं का, तर 'हो'. नाडी बसल्या जागी ११०, पण गोंडोलात बसलेल्या कोणाचीही तेवढी असते.

रन म्हणजे यंत्रावरची एक चाचणी. पहिला रन संथ होता. सेकंदाला ०.१ ने जी वाढतो, अंग सैल सोडायचं, समोर मधे लाल दिवा आणि दोन्ही कडांना हिरवे. हिरवे दिसेनासे झाले की सांगायचं. हा रन त्याने व्यवस्थित केला. इतक्या हळू चढणाऱ्या जीला शरीर स्वतःच सावरून घेतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोर धरतं.

मग ७ जीचा झटपट रन, पंधरा सेकंदांचा. इथे जी-सूटचे फुगे पाय आणि पोट आवळतात, त्याने एक-दीड जीची मदत होते. बाकीचं काम वैमानिकाचं. मांड्या, पोटऱ्या, पोट घट्ट ताणायचं, श्वास कोंडायचा आणि दर तीन सेकंदांनी झटकन बदलायचा. तेव्हा घशातून 'हिक्' असा आवाज येतो. कंट्रोल रूममध्ये आमचे डोळे पडद्यावर असतात, पण खरं काम कानाने चालतं. हिक्, तीन सेकंद, हिक्.

तिसऱ्या हिक्‌नंतर चौथा आलाच नाही. एक लांब, सैल उसासा आला. पडद्यावर त्याचे गाल जबड्याखाली ओघळलेले, खालच्या पापण्या उलटलेल्या, आणि नजर कुठेच नाही. माझ्या शेजारच्या वॉरंट ऑफिसरांचा हात माझ्या तोंडून शब्द निघण्याआधीच बटणावर गेला होता. त्याच क्षणी मुलाच्या मुठीतला स्विचही सुटला. तो सुटला की यंत्र आपोआप थांबायला लागतं. हात मंदावत गेला. मान छातीवर पडलेली, डोळे अर्धे उघडे. मग दोन्ही हात कोपरापासून चार-पाच वेळा झटकले गेले. नवख्या डॉक्टरला ही फिटच वाटते. ती फिट नसते, रक्त परत येताना मेंदू असा दचकतो.

दहा-बारा सेकंदांनी मान वर आली. डोळे मिचकावले, समोरचे दिवे बघितले. मी माइकवर विचारलं, कसं वाटतंय?

स्वच्छ आवाजात उत्तर आलं, "रेडी, मॅम. रन कधी सुरू होणार?"

खोलीत कोणी हसलं नाही.

बाहेर आल्यावर तो ऐकेचना. बेशुद्ध झालोच नाही, नजर एकदाही करडी झाली नाही, मशीन मधेच बंद पडलं असणार. त्याचा एक मुद्दा बरोबर होता. जी झपाट्याने चढला की नजर करडी होण्याची पायरी वगळली जाऊ शकते. मेंदूत साठलेला प्राणवायू चार-पाच सेकंद पुरतो, तोवर सगळं आलबेल वाटतं आणि मग एकदम पडदा. सेंट्रिफ्यूजमध्ये अशी शुद्ध हरपलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना ती हरपल्याचं आठवतच नाही. खोटं बोलणं वेगळं. हा मनापासून सांगत होता.

व्हिडिओ लावला. एकदा बघितला. मग न विचारता माउस हातात घेऊन त्याने तो मागे नेला आणि हात झटकले जातात तिथे थांबवला. बराच वेळ गप्प. मग मराठीत, म्हणजे मॅमऐवजी ताईशी बोलावं तशा सुरात म्हणाला, "मागे एका सॉर्टीत, उड्डाणात असताना, लीडरचा एक कॉल मला ऐकूच आला नव्हता. मी रेडिओ खराब म्हणून लिहून दिलं. रेडिओ तपासला, तर चांगला निघाला."

तो कॉल जोरदार वळणात असताना आला होता का, हे मी विचारलं. 'बहुतेक' म्हणाला. याहून जास्त कोणालाच कधी कळणार नाही. पण त्याचा चेहरा तेवढ्यावरच उतरला होता, आणि पुढची माहिती मला न मागता मिळाली.

बोट टोचून साखर बघितली, ८२. तिथे काही नव्हतं. लघवीचा नमुना मात्र गडद पिवळा. सकाळपासून पाणी किती प्यायलास म्हटलं, तर खाली बघत म्हणाला, "मॅम, आज अंगारकी आहे."

सकाळी एक केळं आणि चहा. मेसमध्ये साबुदाणा कुठून मिळणार, म्हणून जेवायला गेलाच नाही. जेवणाबरोबर पोटात जाणारं पाणीही राहिलं. उपवास पाण्याचा नव्हता, पण जेवण चुकलं की पाणीही चुकतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. रक्ताचं पाणी कमी झालं की वर चढवायला उरतं काय? आणि फॉर्मवर 'हो' का लिहिलंस, तर 'केळं खाल्लं होतं ना'.

सगळं खापर गणपतीच्या उपवासावर फोडणं सोयीचं होतं. माझ्या एका सहकाऱ्याने तसं फोडलंही. पण व्हिडिओ आवाजासह पुन्हा ऐकला तर तिसरा श्वास त्याने झटकन बदलला नव्हता, छाती पूर्ण रिकामी केली होती. छातीतला दाब त्या सेकंदाला पडला आणि वर जाणारं रक्त तिथेच थांबलं. भरपेट जेवलेल्यालाही ही चूक झोपवू शकते. उपवासाने फक्त सावरायला जागा ठेवली नाही. म्हणून अहवालात दोन्ही कारणं लिहिली, आणि श्वासाचं आधी.

लोक विचारतात, मग अंतराळवीरांचं कसं होतं? त्यांना जी छातीतून पाठीकडे बसतो, पाठीवर झोपलेल्या स्थितीत. तेव्हा हृदय आणि मेंदू जवळपास एका पातळीत असतात. एप्रिल २००८ मध्ये सोयूझ टीएमए-११ कझाकस्तानात ठरल्यापेक्षा उभं कोसळत उतरलं, तेव्हा आतल्या तिघांनी ८.२ जीपर्यंत सोसला. श्वास घेणं महाकठीण होतं, पण तिघेही जिवंत बाहेर आले. लढाऊ विमानात माणूस बसलेला असतो, आणि सगळं दुखणं त्या बसण्यात आहे.

त्या दिवशी त्याला सोडलं ते शहाळ्याचं पाणी पाजून आणि उडण्याला तात्पुरती बंदी घालून. मोसंबीचा रस चालेल का, हेही त्याने विचारलं, चंद्रोदय व्हायचा होता म्हणून. मी म्हटलं, चालेल, देवाला मी सांगते. नंतरच्या रनला तो पोटभर जेवून आला आणि पंधराच्या पंधरा सेकंद हिक् व्यवस्थित ऐकू आलं.

उपवास करू नका असं मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उपवास चालूच राहिले असते, फक्त मला कळले नसते. फॉर्मवरचा प्रश्न मात्र बदलून घेतला. 'जेवण झालं का?' याला 'हो' सोडून उत्तर येत नाही. आता सकाळपासून पोटात काय काय गेलं ते क्रमाने, वेळेसकट लिहायचं, पाणी ग्लासात मोजून. जैनांचं पर्युषण, नवरात्र, रमजान, सगळं या एका रकान्यात न विचारता कळायला लागलं. ज्याचा रकाना कोरडा दिसेल त्याचा रन दुसऱ्या दिवशी.

व्हिडिओ पुढच्या बॅचना दाखवायला मी त्याची परवानगी मागितली. 'दाखवा, आणि चेहरा झाकू नका,' म्हणाला, 'नाहीतर ते म्हणतील ॲक्टिंग आहे.' चेहरा मी झाकलाच. तरी दर बॅचमध्ये मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचंच, "मॅम, हा ॲक्टिंग करतोय."