आपण कोणाला देतो?

रविवार, रात्री साडेदहा

लेकीचा फॉर्म 6, म्हणजे मतदार यादीत नाव घालायचा अर्ज, आज भरून झाला. बूथवर बीएलओ (मतदार यादीचं काम बघणाऱ्या) बाई बसल्या होत्या, त्यांना दिला, पावती घेतली. फोटो आधी तीनदा काढून झाला होता, कारण कपाळावर केस येत होते. घरी आल्यावर पोह्यांवर जिरावण (आमचा इंदुरी मसाला) भुरभुरत तिनं विचारलं, "बाबा, आपण कोणाला वोट देतो?" (आमच्या घरी वोटच म्हणतात, 'मत' हा शब्द भांडणापुरता.)

"तुझं तू ठरव," मी म्हटलं, आणि स्वतःवरच खूश झालो. जेमतेम पाच मिनिटं टिकली ती खुशी.

आजोबा इथे इंदूरला मिलमध्ये होते. 1962 च्या लोकसभेला त्यांनी होमी दाजींना वोट दिलं. दाजी पारशी, लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट, पण अपक्ष उभे राहिलेले. आजोबा रोज दिवेलागणीला रामरक्षा म्हणणारे. पण मिलवाल्यांसाठी भांडणारा माणूस तो आपला माणूस. झालं.

1989 ला मी दहा वर्षांचा होतो. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींचा कोण अभिमान! मुख्यमंत्री राहिलेला, देशाचा गृहमंत्री राहिलेला माणूस आपल्या इंदूरचा खासदार. समोर भाजपच्या सुमित्राताई महाजन उभ्या राहिल्या आणि आईच्या भजनी मंडळानं रामबागेतल्या आमच्या घरातलं वारं फिरवलं. अण्णा आठवडाभर गप्प. मग एका सकाळी, अर्ध्या गालाला साबण तसाच, म्हणाले, "ताई आपल्या आहेत." साध्या आहेत, शिकलेल्या आहेत, ही कारणं उरलेला गाल होईपर्यंत आली. तेव्हापासून ताई सलग आठ वेळा निवडून आल्या. अण्णांना दर वेळी विचारलं की म्हणायचे, "त्यात विचार कसला करायचा?"

मी मात्र वेगळा. दोन पेपर वाचणारा, दोन्ही बाजू ऐकणारा! 2024 ला काँग्रेसच्या उमेदवारानं शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि तो भाजपबरोबर गेला. 13 मे ला मी नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) दाबलं. निकालात भाजपचे शंकर लालवानी 11 लाखांहून जास्त मतांनी आले आणि नोटाला पडली 2,18,674. हा आकडा मी महिनाभर लग्नाकार्यांत सांगत फिरलो, जणू त्यातले निम्मे लोक मीच गोळा करून आणले होते.

आज नीट आठवून पाहिलं. आदल्या रात्रीपर्यंत माझं काही म्हणता काही ठरलं नव्हतं. सकाळी बगीच्यात फिरताना आमच्या चौघांतले तिघं म्हणाले, नोटा. "मी पण," माझ्या तोंडून गेलं. मग बगीच्यापासून घरापर्यंत चालताना मुद्दे सुचले. चांगले होते मुद्दे. अजूनही पटतात.

हे लेकीला सांगितलं नाही. तिची पावती नेहमीच्या सवयीनं माझ्या फाइलीत लावून टाकली होती; जेवणं झाल्यावर ती आली आणि मागून घेऊन गेली.