पन्नास मिलिमीटरचं कोल्हापूर

"ताई, फोटो काढा, पण लाईट मारू नका. म्हस बुजतीया."

सकाळचे साडेसहा. गंगावेशीतला दूध कट्टा. संक्रांतीनंतरचा रविवार असल्यानं थंडी बऱ्यापैकी होती आणि म्हशींच्या नाकातून वाफा निघत होत्या. मी फ्लॅश आणलाच नव्हता. दाखवलं तेव्हा गवळीदादांनी मान हलवली आणि पुन्हा धार काढायला बसले. पितळी चरवीत पहिल्या धारेचा आवाज टणटणीत येतो, मग दूध जसजसं चढतं तसा तो मऊ होत जातो. हा फरक मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

माझा जन्म कोल्हापूरचा. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं इथंच. गंगावेशीतून मी हजारो वेळा गेले असेन, पण स्कूटीवरून आणि घाईत. कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हशी येतात, लोक उभ्याउभ्या धारोष्ण दुधाचा पेला रिचवून पुढं जातात, हे मला ठाऊक होतं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ते अभिमानानं सांगतही होते. मी मात्र तिथं कधी थांबले नव्हते.

गेल्या दिवाळीत एक जुना कॅमेरा घेतला आणि त्यावर एकच लेन्स, पन्नास मिलिमीटरची. तिला झूम नाही. जवळचं हवं असेल तर आपण जवळ जायचं, लांबचं हवं असेल तर मागं सरकायचं. रस्त्यापलीकडून गुपचूप फोटो काढता येत नाही. माणसाच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं, आणि समोर गेलं की बोलावंच लागतं. कोल्हापुरात तर समोरचाच आधी बोलतो. पेला हातात आला. वर चार बोटं फेस होता. कॅमेरा गळ्यात तसाच लोंबकळत ठेवून दूध प्याले, मगच पहिला फोटो काढला: चरवीत पडणारी धार, दोन मुठी आणि म्हशीच्या पोटाचा काळा अंधार. त्या दिवसातला तो सगळ्यात चांगला फोटो ठरला.

तिथून पंचगंगा घाटावर गेले. सूर्य नुकताच वर आला होता आणि पाण्यावरचं धुकं शिवाजी पुलाच्या दगडी कमानींमधून सरकत होतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा, हे आम्ही चौथीत पाठ केलं होतं. जानेवारीत ती इतकी शांत असते की घाटावरची लहान लहान देवळं आणि समाध्या पाण्यात जराही न हलता उलट्या दिसतात. हीच देवळं पावसाळ्यात बुडतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. एक आजोबा धोतर पिळत उभे होते. मी कॅमेरा वर केलेला बघून त्यांनी हातानंच थांबवलं आणि एका देवळाच्या कळसाकडं बोट दाखवलं. "ह्याच्याबी वर हुतं पाणी. तिथनं काढा, म्हंजे कळंल किती वर ते." मी पायऱ्या उतरून अगदी पाण्याच्या कडेला गेले आणि वर बघत फोटो घेतला. दहा वेळा त्या घाटावर जाऊनही ती उंची मानेला जाणवली नव्हती.

घाटाशेजारच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर आता दाट वस्ती आहे. दारात रांगोळ्या होत्या, वाळत घातलेल्या चादरी होत्या, आणि एका काकूंनी ओळख ना पाळख तिळगूळ हातावर ठेवला. या टेकाडाच्या पोटात सातवाहनकाळातलं गाव आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं. इथंच सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, छोटी कांस्यमूर्ती आज टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. लहानपणी सहलीत ती बघितली तेव्हा काचेआडची एक वस्तू म्हणून बघितली. आता चढावर उभं राहून खाली नदीकडं बघताना वाटलं, रोमशी व्यापार करणाऱ्या माणसांचा माल घाट उतरून इथवर आला असेल आणि कुणीतरी ती एवढीशी मूर्ती कापडात गुंडाळून याच चढावरून वर आणली असेल. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "व्हय, आमच्या पायाखालीच गाव हाय म्हणं." आणि दुसरा तिळगूळ दिला.

भवानी मंडपात गर्दी होती, तिथं फार रमले नाही.

खासबाग मैदानात मात्र जवळजवळ तास गेला. राजर्षी शाहूंनी बांधवून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ मध्ये पुरं झालं. युरोपच्या दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहून त्यांच्या मनात ते भरलं असं सांगतात. मैदानाचा आकार वाटीसारखा, त्यामुळं कुठंही बसलं तरी मधला आखाडा दिसतो आणि पुढच्याचं डोकं आड येत नाही. एवढं मोठं मैदान माझ्या लेन्समध्ये मावेना. मागं सरकत सरकत सगळ्यात वरच्या पायरीवर पोचले, तरी मावेना. शेवटी नाद सोडून खाली आले आणि तांबड्या मातीच्या कडेला गुडघे टेकून बसले. मातीत एक अनवाणी पाऊल उठलं होतं, टाच कमी आणि चवडा खोल. कुणीतरी चवड्यावर जोर देऊन उभं राहिलं होतं. तेवढंच टिपलं.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांच्या नावानं ते आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. माझ्या आयुष्यातलं पहिलं नाटक मी इथं आजीच्या मांडीवर बसून पाहिलं, आणि शाळेच्या गॅदरिंगला याच रंगमंचावर झाड होऊन उभी राहिले. त्या रात्री आम्ही सगळे रस्त्यावर होतो. मोठमोठे कलावंत लहान मुलांसारखे रडत होते. या रविवारी तिथं कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. काही जागांसमोर आधी नुसतं उभं राहायला हवं.

याच केशवरावांच्या नाटक कंपनीसाठी आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे आते-मामेभाऊ पडदे रंगवत. सुतारकाम, कोरीवकाम, रंगकाम हे घरातच होतं, आणि रंगवता रंगवता लोकांनी त्यांचं आडनाव 'पेंटर' करून टाकलं. दोघांना चलच्चित्रांचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा घ्यायला पैसे कुठून आणणार? म्हणून स्वतःच बनवायचा, असं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम तडीला नेलं आणि कॅमेरा चालता झाला. मग गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा उभा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. दामले, फत्तेलाल, शांताराम सगळे तिथंच घडले. १९२९ मध्ये त्यांनी प्रभात ही चित्रपट कंपनी काढली तीही कोल्हापुरातच, पुण्याला ती १९३३ मध्ये गेली. ही गोष्ट मी शंभर भाषणांत ऐकली होती. तरी खरी कॉर्नरला या कॅमेऱ्याच्या आठवणीसाठी मानस्तंभ उभा आहे, त्याला वळसा घालून मी वर्षानुवर्षं भाजीला जात होते आणि मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं.

दुपारच्या उन्हात त्याच्यासमोर उभी राहिले. रिक्षा वळत होत्या, कोपऱ्यावर कुणी हॉर्न वाजवत होतं. स्तंभावर कोल्हापुरी कॅमेरा आणि माझ्या गळ्यात जपानी. या गावातल्या दोन पोरांनी सुताराच्या हातानं कॅमेरा घडवला, हे नुसतं ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याचं वजन मानेवर घेऊन त्या जागी उभं राहणं वेगळं. डोळे भरून आले. शेजारच्या पानपट्टीवाल्या दादांनी विचारलं, "कुठनं आलाय?" मी म्हटलं, "इथलीच." "मग एवढं काय बघताय?" मी त्यांना आनंदरावांचं सांगितलं, कॅमेरा चालताना बघायलाही ते राहिले नाहीत हे सांगितलं. दादा चुना लावायचे थांबले. मग दुकानातून खाली उतरून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि वर बघायला लागले. त्यांचा तसाच फोटो घेतला.

घरी जाऊन जेवले, जरा पडले आणि सहाच्या सुमाराला पुन्हा निघून महाद्वारात आले. अंबाबाईच्या देवळाचं महाद्वार पश्चिमेला आहे. जानेवारीच्या शेवटी आणि पुन्हा नोव्हेंबरात मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत शिरतात आणि आईच्या चरणांपासून वर चढत जातात. तो किरणोत्सव. वाटेत एखादी इमारत उंच झाली तर सगळं गाव अस्वस्थ होतं, उन्हाच्या वाटेची मोजमापं घेतली जातात. देवळाच्या आत फोटो काढायचा नसतो, आणि मला काढायचाही नव्हता. मी देवळाकडं पाठ करून उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि किरणं जिथून येतात तिकडं तोंड केलं. महाद्वार रोडच्या दोन्ही बाजूंना बांगड्या, पेढे, हळदी-कुंकवाचे ढीग, आणि सरळ समोर तांबूस आकाशाची चिंचोळी पट्टी. सूर्य तिच्या मधोमध नव्हता. तो डावीकडच्या इमारतीच्या कडेला टेकला होता.

मी दोन पावलं उजवीकडं सरकले, मग डावीकडं. काही केल्या तो मधोमध येईना. ओट्यावर वेण्या गुंफत बसलेल्या मावशी बराच वेळ बघत होत्या.

"आपून सरकून काय उपेग न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "अजून पंधरा दिस हाईत. त्योच सरकंल."