सतरंजीवरचा वाढदिवस

काल लेक आठ वर्षांची झाली. मैत्रिणींनी रात्री मुक्कामाला यावं, एवढंच तिचं मागणं होतं. हॉल, डेकोरेशन, रिटर्न गिफ्ट हे सगळं आम्ही आधीच बाजूला ठेवलं होतं. या महिन्यात फी भरायची आहे, हे तिला नीट समजावून सांगितलं होतं. पैशाचं खरं कारण सांगितलं की मुलं समजून घेतात, असं मला मनापासून वाटतं.

औक्षण झालं, कुकरमधला रव्याचा केक कापला. पातेलंभर पावभाजी केली होती, लादी कधी संपली कळलंच नाही. मग शेजारच्या काकूंच्या सतरंज्या गच्चीवर टाकल्या. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात आणि पूर्वेला मृग वर आलेला असतो. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण पोरींना लगेच सापडला. कृत्तिकांवरून मात्र वाद जुंपला. कुणी पाच तारे मोजले, कुणी सहा, एकीने तर छातीठोकपणे नऊ!

झोपायच्या वेळी सगळ्यांत धीट पोरगीच रडवेली झाली. तिच्या आईला फोन लावून दिला. बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "काकू, तुमच्याजवळ झोपू?" आणि गारठलेले पाय घेऊन माझ्या गोधडीत शिरली. किती गोड वाटलं म्हणून सांगू!

सकाळी पोहे खाऊन सगळ्या घरी गेल्या. पुढच्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे, तिचाही असाच बेत ठरलाय. सतरंज्या तिकडे पोचवायचं काम लेकीने स्वतःकडे घेतलंय.