विंचू नव्हता, हुमणीही नव्हती

फोटो धूसर होता. बादलीच्या तळाशी काहीतरी तपकिरी, पुढे फावड्यासारखे दोन हात, मागे दोन शेपट्या. खाली एवढंच लिहिलेलं: "ताई, हा विंचू आहे का? पोरं घाबरलीत."

मी पिकांवरच्या, बागांमधल्या किडी ओळखून सल्ला देते. या कामात कीड समोर दिसते ती क्वचितच. दिसतं ते तिचं काम: कुरतडलेली पानं, सुकलेला शेंडा, विष्ठा, उकरलेली माती. तेवढ्यावरून नाव सांगायचं असतं. म्हणूनच फोटो पाहून चटकन औषध सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आणि म्हणूनच फोटो कुठून आला तो पत्ता वाचून माझ्या पोटात गोळा आला. याच वसाहतीच्या बागेतून दोन आठवड्यांपूर्वी रोपं मरत असल्याची तक्रार आली होती, आणि तेव्हा फोटोवरूनच मी "हुमणी", म्हणजे मुळं खाणारी अळी, असं लिहून दाणेदार कीटकनाशक सुचवलं होतं. त्या दिवशी हातात अकरा तक्रारी होत्या. आमच्याकडे दिवसाला किती तक्रारी मिटल्या ते मोजतात, किती ठिकाणी माती उकरून पाहिली ते कोणी विचारत नाही. हे खरं आहे, पण खाली सही माझी आहे.

"मारू नका, झाकण ठेवा," एवढं कळवून निघाले.

पोहोचले तेव्हा बादलीभोवती घोळका होता. एक जण चप्पल हातात घेऊन तयार उभा होता. आधी मारायचं आणि मग "काय होतं हो ते?" असं विचारायचं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता समजवायचं सोडून सरळ हात घालते. विंचवाला आठ पाय, याला सहा. शेपटासारखी दिसतात ती मागची दोन मऊ शिंगं, चाचपडण्यासाठी. नांगी नाही, विष नाही. मूठ बंद केली तर त्यानं पुढच्या पायांनी माझी बोटं बाजूला सारली. चार सेंटीमीटरच्या जिवाला एवढं बळ! पोरांना भिंगातून दाखवलं: पुढच्या पायाच्या नडगीवर चार जाड दाते, माती फोडायला. अंगावर मखमली लव, तिच्यामुळे पाणी अंगाला चिकटत नाही. छातीवरची ढाल चिलखतासारखी. हा मोल क्रिकेट, रातकिड्यांच्या नात्यातला, पण उड्या मारायचं सोडून जमिनीखाली राहायला गेलेला. त्याचं शास्त्रीय नाव ग्रिलोटाल्पा. ग्रिलस म्हणजे रातकिडा आणि टाल्पा म्हणजे मोल, जमिनीत बिळं खणणारा एक छोटा सस्तन प्राणी, या दोन लॅटिन शब्दांचं ते जोडनाव.

मग वाफ्यापाशी गेले. दोन आठवड्यांपूर्वीच जायला हवं होतं.

हुमणी मुळं खाते. झाड पिवळं पडतं, सुकतं आणि ओढलं की अलगद हातात येतं, पण वरची माती जशीच्या तशी असते. रोपं कुरतडणारी अळी खोड जमिनीलगत कात्रीनं कापल्यासारखं कापते आणि दिवसा तिथेच मातीत वेटोळं करून पडलेली सापडते. इथे यातलं काहीच नव्हतं. ओल्या मातीवर बोटाएवढ्या रुंदीच्या फुगीर रेघा होत्या, नागमोडी, एकमेकींना छेदणाऱ्या. पाऊल ठेवलं की माती दबायची. कित्येक रोपांना दातसुद्धा लागला नव्हता, खालून बोगदा गेल्यामुळे मुळं अधांतरी राहून ती वाळली होती. एकदा पाहिलं की आयुष्यात विसरणार नाही अशी खूण. फोटोत मात्र फक्त कोमेजलेली पानं होती, आणि मी दुसरा फोटो मागितला नव्हता.

खात्री करायला साबणाचं पाणी केलं. चार लिटर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन मोठे चमचे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद जागेवर ते हळूहळू ओतायचं आणि नजर न हलवता थांबायचं. त्वचेला साबण झोंबला की किडे वर येतात. तीन मिनिटांत पाच आले.

माळीकाका तोवर गप्प होते. मग म्हणाले, "ताई, रोज दिवेलागणीला इथं तार गुणगुणल्यासारखा आवाज येतो. वायरमन दोनदा येऊन डबा उघडून गेला." मला हसू नाही आलं, अंगावर काटा आला. या किड्याचा नर बिळाचं तोंड कर्ण्याच्या आकारात कोरतो आणि त्यात बसून पंख घासतो. बेनेट-क्लार्क या संशोधकांनी १९७० मध्ये यातल्या एका जातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचा आवाज शांत रात्री ६०० मीटरवरून ऐकू जातो. त्या वसाहतीत रोपांची तक्रार एका वहीत होती आणि आवाजाची दुसऱ्या. दोन्हींचं उत्तर एकाच मातीत होतं, आणि काकांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

जिथे रोपं गोलाकार वाळली होती तिथे काकांनी खुरपीनं जपून माती काढली. वीतभर खाली मुठीएवढी पोकळी, आतून हातानं सारवल्यासारखी गुळगुळीत, आणि तिच्यात पिवळसर अंड्यांचा ढीग. शंभराच्या पुढे मोजणं थांबवलं. शेजारच्या बोगद्यात मादी होती. ती पळाली नाही. आम्ही हात मागे घेतले की ती त्या फुटक्या पोकळीत यायची, स्पर्शानं भिंत चाचपायची. दोनदा आली.

अंडी मी काढून नष्ट केली. रोपवाटिकेचा वाफा होता, दुसरा सल्ला मी कोणालाही दिला नसता. हा किडा मातीतल्या अळ्याही खातो, कुठे पडीक गवतात असता तर हात लावला नसता. मादीला कुंपणापलीकडे सोडली. हे बरोबर झालं का, यावर मी अजून येऊन-जाऊन थांबते.

काकांना सांगितलं: नवी रोपं ट्रेमध्ये वाढवा, खोड जून झाल्यावरच लावा, संध्याकाळी भरपूर पाणी देऊ नका, काठ जमिनीला समपातळीत येईल अशा बरण्या पुरा आणि सकाळी पडलेले किडे वेचा. दाणेदार औषध बंद.

ते म्हणाले, "बंदच आहे. ते टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गांडुळं वर येऊन मेली. ढिगानं. मी टोपलीत भरून टाकली." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "परत कधी येतील?"

पालापाचोळा अंथरा, शेणखत घाला, ओल राखा, एवढंच मी सांगू शकले. कधी, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही.