डेथ व्हॅली: टाकणखाराच्या मागावर

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीला जाणारे बहुतेक जण झॅब्रिस्की पॉइंटला सूर्योदय बघतात, बॅडवॉटरला फोटो काढतात आणि परततात. हार्मनी बोरॅक्स वर्क्स या जुन्या कारखान्याची पाटी दिसलीच तर पाच-दहा मिनिटं थांबतात. माझ्या मते ही दरी कळायची असेल तर टाकणखाराचा, म्हणजे बोरॅक्सचा, माग धरूनच फिरावं. आम्ही लास व्हेगासहून गेलो आणि बोरॉन गावावरून लॉस एंजलिसला उतरलो. तुम्हीही याच क्रमाने जा. हा रस्ता डोंगरातून दरीत उतरतो, आणि टाकणखारातलं मूलद्रव्य, बोरॉन, तेही तसंच वरून खाली आलेलं आहे.

टाकणखार म्हणजे आपले सोनार डाग देताना वापरतात तोच. कॅरमवर टाकायची बोरिक पावडरही बोरॉनच्या खनिजांपासूनच होते. युरोपला पूर्वी हा खार तिबेटातून हिमालय ओलांडून, हिंदुस्थानमार्गे जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या वाळवंटात त्याचे साठे सापडले आणि व्यापाराची दिशाच बदलली.

हायवे १९० वरून येताना आधी डाव्या हाताला डान्टेज व्ह्यूचा फाटा लागतो. वेळ असेल तर वर जाऊन या, अख्खी दरी एका नजरेत येते. त्या वाटेवर बिली खाण दिसते. नॅशनल पार्कच्या हद्दीत असूनही ती २००५ पर्यंत चालू होती. पुढे ट्वेंटी म्यूल टीम कॅन्यन येतो. २.७ मैलांचा कच्चा, एकदिशा रस्ता आहे. साधी कार जाते, मोठी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) नेऊ नका. पावसानंतर तो बंद असतो, म्हणून आदल्या रात्री पार्कच्या वेबसाइटवर रस्त्यांची स्थिती बघून ठेवा.

इथे गाडी बंद करून खाली उतराच. दोन्ही बाजूंच्या पिवळट टेकड्या म्हणजे जुन्या तळ्याचा गाळ आहे. काही दशलक्ष वर्षांपूर्वी इथे तळं होतं, आसपास ज्वालामुखी होते, आणि गरम झऱ्यांचं पाणी बोरॉन घेऊन त्या तळ्यात येत होतं. पाणी आटत गेलं तसे कॅल्शियम आणि सोडियमचे बोरेट, म्हणजे बोरॉनचे क्षार, गाळाच्या थरांत साचले. पुढे जमीन उचलली गेली, थर तिरपे झाले. झॅब्रिस्की पॉइंटला हे तिरपे थर सगळ्यात स्वच्छ दिसतात. त्या जागेला ज्याचं नाव दिलंय तो ख्रिश्चन झॅब्रिस्की पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीचा मोठा अधिकारी होता. तिथे सूर्योदयाला गर्दी करणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल!

पावसाने या टेकड्यांमधला बोरॉन विरघळून खाली दरीच्या तळाशी गेला. तिथे पाण्याची वाफ झाली की मिठाच्या सपाटीवर युलेक्साइट या बोरॉनच्या खनिजाचे गोळे तयार होतात. कापसाच्या बोंडासारखे दिसतात म्हणून तिथले लोक त्यांना कॉटनबॉल म्हणत. १८८१ मध्ये ॲरन आणि रोझी विंटर्स या जोडप्याने हे गोळे ओळखले. अल्कोहोल आणि सल्फ्युरिक ॲसिड टाकून पेटवलं, की ज्योत हिरवी झाली तर बोरॉन आहे, अशी ती परीक्षा. त्यांनी आपला हक्क विल्यम कोलमन या व्यापाऱ्याला २०,००० डॉलरला विकला. हार्मनीचा कारखाना उभा राहिला तो त्यानंतर.

हार्मनी फर्नेस क्रीक या दरीतल्या वस्तीच्या जरा उत्तरेला आहे. वाट छोटी आणि फरसबंद आहे. आजी-आजोबा, व्हीलचेअर, सगळ्यांना जमेल. अडोबी मातीच्या भिंती, गंजलेला बॉयलर आणि टाक्या उरल्या आहेत. काम असं चाले: मजूर सपाटीवरून गोळे खरवडून आणत. ते सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकले, की चुना तळाशी बसे आणि बोरॅक्स पाण्यात राही. ते पाणी थंड करायच्या पिंपांत सोडलं, की आत लोंबत्या सळयांवर स्फटिक धरत. उन्हाळ्यात पाणी पुरेसं थंडच होत नसे, म्हणून काम टेकोपाजवळच्या दुसऱ्या कारखान्यात हलवत. ४० माणसं दिवसाला ३ टन बोरॅक्स काढायची.

बाहेर मूळ गाड्या ठेवल्या आहेत. मागच्या चाकाशेजारी उभे राहा: उंची ७ फूट, लोखंडी धाव इंचभर जाड. दोन मालगाड्या आणि मागे पाण्याची टाकी, ओढायला १८ खेचरं आणि २ घोडे. मोहावेच्या रेल्वेपर्यंत १६५ मैल, एका बाजूला १० दिवस. १८८८ मध्ये कोलमनचं दिवाळं निघालं आणि हार्मनी बंद पडलं. खेचरांचं चित्र मात्र आजही अमेरिकन दुकानांत कपडे धुण्याच्या बोरॅक्सच्या खोक्यावर असतं. त्या जाहिरातीमागचा स्टीफन मॅदर पुढे नॅशनल पार्क सर्व्हिसचा पहिला संचालक झाला. खेचरं अशी जगप्रसिद्ध झाली. सपाटीवर वाकून गोळे खरवडणारे बहुतेक मजूर चिनी होते, त्यांची आठवण फार थोडे काढतात. मला ते लागलं. वाटेवरून ती पांढरी सपाटी दिसते तिथे जरा थांबा.

आता व्यवहाराचं. नोव्हेंबर ते मार्च हाच काळ धरा. १९१३ मध्ये फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सियसची नोंद झाली आहे, उन्हाळ्यात मुलांना घेऊन जायचा विचारही करू नका. प्रवेश गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतो. रोख घेत नाहीत, कार्ड ठेवा. पेट्रोल बाहेरच भरून घ्या, आत महाग पडतं. फोनला रेंज जेमतेम, नकाशा आधी डाउनलोड करा. माणशी किमान चार लिटर पाणी, शिवाय पोळीभाजी-दशम्या बांधून घ्या, शाकाहारी माणसाचे आत हाल होतात. दगड, मिठाचा खडा, काहीही उचलू नका, पार्कमध्ये तो गुन्हा आहे.

परतताना हायवे ५८ वर बोरॉन गाव. १९१३ मध्ये इथे पाण्यासाठी विहीर खोदताना बोरेट लागलं. पुढे सोडियम बोरेटचे जाड थर मिळाले, आणि १९२७ च्या सुमारास पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीने डेथ व्हॅलीतल्या खाणी सोडून इथे मुक्काम हलवला. दरीत कंपनीने त्याच सुमारास फर्नेस क्रीक इन हे हॉटेल काढलं, तेच आजचं इन ॲट डेथ व्हॅली. बोरॉनची खाण आधी जमिनीखाली होती, १९५७ पासून उघडी आहे, आणि कॅलिफोर्नियातली सगळ्यात मोठी उघडी खाण म्हणून ओळखली जाते. केर्नाइट हे खनिज इथूनच जगाला कळलं, कर्न काउंटीवरून त्याला नाव मिळालं. खाणीची जागा कंपनीची आहे, आत मोकळं फिरता येत नाही, तेव्हा व्हिजिटर सेंटर उघडं आहे का हे निघण्याआधी विचारून घ्या. गावातलं ट्वेंटी म्यूल टीम म्यूझियम छोटं आहे, पण खनिजांचे नमुने जवळून बघायला मिळतात. तासभर पुरतो. त्यानंतर लॉस एंजलिस दोन तासांवर.